तळघरातलं यंत्र, शाळेचा फळा : थर्ड वर्ल्ड प्रेसची वाटचाल

शिकागोच्या दक्षिण भागात इंगलवूड नावाची वस्ती आहे. 1967 साली तिथल्या एका तळघरातल्या बिऱ्हाडात डॉन एल. ली या पंचवीस वर्षांच्या कवीनं एक जुनं, वापरलेलं सायक्लोस्टाइल यंत्र आणून ठेवलं. भांडवल 400 डॉलर, तेही कवितावाचनातून मिळालेलं. जोडीला कॅरोलिन रॉजर्स आणि जोहारी अमिनी या दोन कवयित्री. तिघांनी मिळून काढलेल्या प्रकाशनसंस्थेला नाव दिलं थर्ड वर्ल्ड प्रेस. डॉन ली पुढे हाकी मधुबुटी झाले. त्यांची संस्था अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या मालकीच्या सर्वांत जुन्या चालू प्रकाशनसंस्थांमध्ये गणली जाऊ लागली. 2017 साली तिनं पन्नाशी गाठली.

प्रकाशनाच्या धंद्यात पन्नास वर्षं सुखासुखी निघत नाहीत. साठ आणि सत्तरच्या दशकांत अमेरिकेतल्या मोठ्या शहरांमधून कृष्णवर्णीय लेखकांच्या कितीतरी छोट्या प्रकाशनसंस्था निघाल्या आणि चळवळीचा भर ओसरला तशा मिटल्या. चांगले कवी, जीव टाकणारे कार्यकर्ते, गाजलेली पुस्तकं त्यांच्याकडेही होती. मग हीच का टिकली? मला याचं उत्तर मधुबुटींच्या दुसऱ्या पेशात दिसतं. ते जन्मभर शिक्षक राहिले. वाचक बाजारात आयता मिळत नाही, तो लहानपणापासून घडवावा लागतो, हे त्यांनी पहिल्या दोन-तीन वर्षांतच ओळखलं आणि छापखान्याच्या शेजारी शाळा काढली. संस्थेची पुढची सगळी चढउतारांची कहाणी या निर्णयाशी येऊन जुळते.

लाजत आणलेलं पुस्तक

मधुबुटींचा जन्म 23 फेब्रुवारी 1942 चा, आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉकचा. बालपण डेट्रॉइटमध्ये गेलं. वडिलांचा आधार नव्हता. आई मॅक्सिन हिनं मुलांना एकटीनं वाढवलं आणि गरिबी, व्यसन यांच्याशी झगडता झगडता ती लवकर खचली. डॉन चौदाएक वर्षांचा असताना तिनं त्याला सार्वजनिक ग्रंथालयातून रिचर्ड राइट यांचं 'ब्लॅक बॉय' आणायला सांगितलं. पुस्तकाच्या नावातच 'ब्लॅक' होतं. गोऱ्या ग्रंथपालासमोर ते नाव घ्यायची त्याला लाज वाटली. शेवटी त्यानं स्वतःच कपाटातून पुस्तक शोधून काढलं आणि तिथेच बसून वाचायला घेतलं. आपल्यासारख्या मुलाचं आयुष्य छापील पानावर त्याला पहिल्यांदाच दिसत होतं. मधुबुटींनी हा प्रसंग पुढे अनेक भाषणांत सांगितला आहे. 'यलोब्लॅक' या आत्मकथनात त्यांनी आयुष्याची पहिली एकवीस वर्षं मांडली, त्यातही आई आणि पुस्तकं या दोनच गोष्टी ठळक उरतात.

डॉन सोळा वर्षांचा असताना आई गेली. तो शिकागोला आला, डनबार व्होकेशनल हायस्कूलमधून बाहेर पडला आणि पोटासाठी 1960 मध्ये सैन्यात भरती झाला. प्रशिक्षणाला जाताना त्याच्या हातात पॉल रोबसन यांचं 'हिअर आय स्टँड' होतं. रोबसन म्हणजे जगप्रसिद्ध गायक-नट, पण डाव्या विचारांमुळे तेव्हाच्या अमेरिकेत बदनाम केलेले. गोऱ्या सार्जंटनं ते पुस्तक हिसकावलं, सगळ्यांसमोर त्याची पानं फाडली आणि शौचाला वापरा म्हणून इतर जवानांत वाटली. त्या दिवशी या तरुणाला दोन गोष्टी उमगल्या. पहिली, पुस्तकाला सत्ता घाबरते. दुसरी, आपलं पुस्तक दुसऱ्याच्या हातात असेल तर ते कधीही फाडलं जाऊ शकतं. सैन्यातली उरलेली वर्षं त्यानं झपाटल्यासारखं वाचलं आणि वाचलेल्या पुस्तकांवर छोटी टिपणं लिहायची सवय लावून घेतली.

1963 मध्ये सैन्यातून परतल्यावर त्याला संस्था कशी उभी करतात हे शिकवणारं माणूस भेटलं. मार्गारेट बरोज या चित्रकार, कवयित्री आणि हाडाच्या शिक्षिका. 1961 मध्ये पती चार्ल्स यांच्यासह त्यांनी मिशिगन अव्हेन्यूवरच्या स्वतःच्या घरात कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचं संग्रहालय सुरू केलं होतं. तेच पुढे ड्युसेबल म्युझियम म्हणून नावारूपाला आलं. तरुण ली तिथे 1967 पर्यंत शिकाऊ अभिरक्षक होता. दिवसा टपाल खात्यात, दुकानांच्या गोदामात कारकुनी करायची आणि उरलेल्या वेळात संग्रहालयात राबायचं, असा क्रम होता. सरकारी अनुदान नाही, मोठा देणगीदार नाही, इमारत नाही; तरीही बैठकीच्या खोलीत संग्रहालय उभं राहतं, हे त्यानं चार वर्षं जवळून पाहिलं. त्यामुळे तळघरात प्रकाशनसंस्था काढताना त्याला ती गोष्ट अचाट वाटली नसावी.

ब्रुक्सबाईंची बैठक

1966 च्या सुमारास लीनं 'थिंक ब्लॅक' हा पहिला छोटा संग्रह स्वखर्चानं छापला आणि उन्नत रेल्वेच्या स्थानकाशी, रस्त्याच्या कोपऱ्यावर उभं राहून विकला. आठवड्याभरात सुमारे 600 प्रती गेल्या, असं तो सांगे. कवितेचं पुस्तक, अनोळखी कवी, दुकान नाही, जाहिरात नाही. पुस्तक माणसांपर्यंत नेऊन पोचवलं तर ते खपतं, हा धडा संस्था निघायच्या आधीच गिरवून झाला होता.

1967 हे वर्ष शिकागोच्या कृष्णवर्णीय कलाजगतासाठी फार घाईगर्दीचं ठरलं. 'ओबासी' ही लेखक-कलावंतांची संघटना त्याच वर्षी स्थापन झाली. तिच्या लेखक-कार्यशाळेचे आधारस्तंभ होते होइट फुलर, 'निग्रो डायजेस्ट' म्हणजे नंतरच्या 'ब्लॅक वर्ल्ड' मासिकाचे संपादक. चित्रकारांनी 43 वा रस्ता आणि लँगली अव्हेन्यू यांच्या कोपऱ्यावरच्या एका जीर्ण इमारतीवर 'वॉल ऑफ रिस्पेक्ट' हे भित्तिचित्र रंगवलं. त्या भिंतीसमोर लीनं कविता वाचली, तशीच ग्वेंडोलिन ब्रुक्स यांनीही.

ब्रुक्स तेव्हा पन्नाशीत होत्या. 1950 मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती असा त्यांचा लौकिक होता. हार्पर अँड रो ही न्यूयॉर्कची बलाढ्य संस्था त्यांची पुस्तकं काढायची. 1967 च्या वसंतात फिस्क विद्यापीठातल्या लेखक-संमेलनात त्यांनी तरुण कृष्णवर्णीय लेखकांचा आवेश पाहिला आणि त्यांच्या मनाला मोठी कलाटणी मिळाली. शिकागोला परतल्यावर त्यांनी ब्लॅकस्टोन रेंजर्स या टोळीतल्या पोरांसाठी कवितेची कार्यशाळा घेतली. ती पुढे बाईंच्या घरी होऊ लागली आणि ली, रॉजर्स, अमिनी, वॉल्टर ब्रॅडफर्ड अशी मंडळी तिथे जमू लागली. सुरुवातीला खटकेही उडत. बाई छंद, सुनीत, शब्दांची काटकसर यांबद्दल बोलत आणि पोरांना रस्त्यावरची भाषा, जाझची लय हवी असे. कोणी कोणाला किती शिकवलं याचा हिशेब अवघड आहे. बाईंची नंतरची कविता मोकळी झाली आणि पोरांना आपलं लिखाण तपासायची शिस्त लागली. स्वतःचा मुलगा असूनही बाईंनी लीला मुलासारखं मानलं. तो त्यांना सांस्कृतिक माता म्हणे आणि हे नातं बाईंच्या अखेरपर्यंत, 2000 सालच्या डिसेंबरपर्यंत, टिकलं.

संस्थेच्या दृष्टीनं या नात्याचा अर्थ व्यवहारातही होता. ब्रुक्स यांनी हार्परची साथ सोडून आपली नवी पुस्तकं कृष्णवर्णीय प्रकाशकांकडे द्यायचं ठरवलं. आधी ती डेट्रॉइटच्या ब्रॉडसाइड प्रेसकडे गेली आणि मग थर्ड वर्ल्ड प्रेसकडे. 1974 चं मुलांसाठीचं 'द टायगर हू वोअर व्हाइट ग्लव्ह्ज', 1981 चं 'टू डिसएंबार्क', 1996 चा आत्मचरित्राचा उत्तरार्ध 'रिपोर्ट फ्रॉम पार्ट टू', मृत्यूनंतर 2003 मध्ये आलेलं 'इन माँटगोमेरी' ही सगळी थर्ड वर्ल्ड प्रेसची पुस्तकं. त्यांच्या कवितांचा जाडजूड संग्रह 'ब्लॅक्स' हासुद्धा पुढे याच संस्थेनं वाचकांसाठी उपलब्ध ठेवला. पुलित्झरविजेत्या कवयित्रीनं अशा संस्थेला आपली पुस्तकं द्यायची म्हणजे मानधन, वितरण, वर्तमानपत्रांतली परीक्षणं या सगळ्यांवर पाणी सोडणं होतं. बाईंनी ते जाणूनबुजून केलं. एका छोट्या संस्थेची पत त्यातून उभी राहिली.

डेट्रॉइटचा धडा

थर्ड वर्ल्ड प्रेसच्या आधी दोन वर्षं, 1965 मध्ये, डडली रँडल या कवीनं डेट्रॉइटमध्ये ब्रॉडसाइड प्रेस सुरू केली होती. रँडल पेशानं ग्रंथपाल. एकेक कविता सुट्या मोठ्या कागदावर छापायची आणि थोड्या सेंटांत विकायची, ही त्यांची कल्पना. लीचे 'ब्लॅक प्राइड', 'डोन्ट क्राय, स्क्रीम' हे संग्रह ब्रॉडसाइडनंच काढले. दुसऱ्याची प्रस्तावना ब्रुक्स यांची. कवितेच्या मानानं त्यांचा खप अफाट होता. म्हणजे स्वतः प्रकाशक असताना ली आपली पुस्तकं मित्राच्या संस्थेला देत होता आणि रँडल यांचं 'मोअर टू रिमेंबर' 1971 मध्ये थर्ड वर्ल्ड प्रेसनं काढलं. स्पर्धेपेक्षा हा भाईचारा होता.

पण ब्रॉडसाइडची पुढची कहाणी शिकण्यासारखी आहे. रँडल यांनी पुस्तकांची संख्या वाढवली. दुकानदारांना उधारीवर माल दिला. उधारी वसूल होईना, छपाईचा खर्च वाढला, सगळा भार एका माणसावर. 1977 मध्ये त्यांना संस्था दुसऱ्यांच्या हाती सोपवावी लागली आणि त्यानंतरची काही वर्षं ते नैराश्यानं ग्रासलेले होते. त्याच्या आदल्याच वर्षी, 1976 मध्ये, जॉन्सन पब्लिशिंगनं 'ब्लॅक वर्ल्ड' मासिक बंद केलं. तरुण कृष्णवर्णीय कवींना देशभर नेणारं मोठं व्यासपीठ त्यामुळे हरवलं. दशकाच्या शेवटापर्यंत जिला ब्लॅक आर्ट्स चळवळ म्हणतात, तिचा बाजार उठला होता.

थर्ड वर्ल्ड प्रेस या काळातून वाचली, याला दोन कारणं दिसतात. एक म्हणजे संस्थापकाचा चरितार्थ संस्थेवर नव्हता. 1968-69 मध्ये ली कॉर्नेल विद्यापीठात निवासी कवी होते. सत्तरच्या दशकात ते वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात शिकवत, त्यासाठी दर आठवड्याला शिकागोहून वॉशिंग्टनला जात आणि परत येत. प्राध्यापकीचा पगार घराला आणि वेळप्रसंगी छपाईला. प्रकाशनसंस्थेतून आपण पगार घेतला नाही, असं ते सांगत आले आहेत. दुसरं कारण, संस्थेनं कवितेवर पूर्ण भिस्त ठेवली नाही. 1971 पासून 'ब्लॅक बुक्स बुलेटिन' हे पुस्तकांना वाहिलेलं नियतकालिक निघू लागलं. इतिहास, समाज, शिक्षण या विषयांवरची पुस्तकं यादीत आली. हॉवर्डचे इतिहासकार चॅन्सेलर विल्यम्स यांच्या 'द डिस्ट्रक्शन ऑफ ब्लॅक सिव्हिलायझेशन' या ग्रंथाची 1974 ची आवृत्ती हे त्यातलं सर्वांत दूरवर गेलेलं नाव. वर्षानुवर्षं पुनर्मुद्रण होत राहणारं असं एखादं पुस्तक छोट्या प्रकाशकाची चूल पेटती ठेवतं. कवितेचा नवा संग्रह काढायची हिंमतही त्यातूनच येते.

इथे आपल्याकडचा एक खरा धागा नोंदवायला हवा. 1972 मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरनं नाव घेतलं ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर पार्टीवरून. जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या अभ्यासकांनी अमेरिकन कृष्णवर्णीय साहित्याची ओळख मराठी वाचकांना करून दिली आणि दलित साहित्याच्या चर्चेत ते साहित्य वारंवार येत राहिलं. सायक्लोस्टाइल यंत्रावर पत्रकं आणि लघुअनियतकालिकं काढणाऱ्या मराठी पिढीला शिकागोच्या या तळघराची भाषा वेगळी सांगावी लागली नसती. फरक पुढच्या टप्प्यात पडला, तो म्हणजे संस्था म्हणून टिकण्यात.

यंत्राशेजारी फळा

1969 मध्ये, म्हणजे प्रकाशन सुरू होऊन दोनच वर्षं झाली असताना, ली आणि सहकाऱ्यांनी इन्स्टिट्यूट ऑफ पॉझिटिव्ह एज्युकेशन ही संस्था स्थापन केली. व्याख्यानं, अभ्यासवर्ग, आहार आणि आरोग्याबद्दलचं प्रबोधन अशी तिची सुरुवात झाली. 1972 मध्ये तिच्या छत्राखाली न्यू कन्सेप्ट ही मुलांची शाळा निघाली. या कामात सर्वांत मोठा वाटा कॅरल ली यांचा. त्या शाळाशिक्षिका होत्या. 1974 मध्ये त्यांचं डॉन ली यांच्याशी लग्न झालं. त्याच सुमारास डॉन ली यांनी हाकी मधुबुटी हे स्वाहिली नाव घेतलं आणि कॅरल सफिशा मधुबुटी झाल्या.

शाळेची रीत साधी होती. मुलांना वाचायला लवकर शिकवायचं आणि वाचायला जे द्यायचं त्यात त्यांची माणसं असली पाहिजेत. शिक्षकांना 'मामा' आणि 'बाबा' म्हणायचं. स्वाहिलीत मामा म्हणजे आई. दिवसाची सुरुवात सगळ्यांनी गोल करून एकत्र येण्यानं. आफ्रिकेचा इतिहास हा फेब्रुवारीतल्या कृष्णवर्णीय इतिहास-उत्सवापुरता एक कार्यक्रम नव्हता, तो रोजच्या अभ्यासाचा भाग होता. या सगळ्याला लागणारी पुस्तकं बाजारात नव्हती, ती छापणारी संस्था मात्र शेजारीच होती. छापलेल्या पुस्तकाला वाचणारी मुलं आणि त्यांचे पालकही तिथेच होते. प्रकाशकाचं कोडं असतं की पुस्तक आधी की वाचक आधी. इथे दोन्ही एका अंगणात वाढले.

सफिशा मधुबुटी पुढे कॅरल डी. ली या नावानं शिक्षणशास्त्रातल्या मोठ्या संशोधक झाल्या. शिकागो विद्यापीठातून त्यांनी पीएच.डी. केली, नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात प्राध्यापक झाल्या आणि अमेरिकन एज्युकेशनल रिसर्च असोसिएशनचं अध्यक्षपदही त्यांनी भूषवलं. त्यांचा 'कल्चरल मॉडेलिंग' हा सिद्धान्त या शाळेच्या अनुभवातून उगवला. वस्तीतली मुलं एकमेकांची फिरकी घेताना उपरोध, रूपक, अतिशयोक्ती सहज वापरतात. मास्तरांना मात्र वाटतं की या मुलांना साहित्य कळत नाही. कॅरल ली यांचं म्हणणं, मुलांच्या या बोलण्यापासूनच धडा सुरू करा. तुम्ही बोलता तेच कवी करतो, हे त्यांना दाखवा आणि मग कठीण कादंबरीकडे न्या. आज शिक्षक-प्रशिक्षणात हा विचार मान्य झालेला आहे. त्याची मुळं शिकागोच्या दक्षिण भागातल्या, वर्गणीवर आणि फीवर कशीबशी चालणाऱ्या शाळेत आहेत, हे क्वचितच सांगितलं जातं.

स्वतंत्र शाळा चालवणं फार महागात पडत होतं. गरीब पालकांना फी परवडत नव्हती आणि फीशिवाय शाळा चालत नव्हती. 1998 मध्ये संस्थेनं तडजोड स्वीकारली. माल्कम एक्स यांच्या पत्नी बेटी शबाझ यांच्या नावानं सरकारी निधीवर चालणारी चार्टर शाळा उघडली. मुलांना फी नाही, पण परीक्षांचे गुण, तपासण्या, सरकारी नियम हे सगळं मागोमाग आलं. 2005 मध्ये शिक्षणतज्ज्ञ बार्बरा सायझमोर यांच्या नावाची आणखी एक शाळा त्यात आली. ज्या शासनव्यवस्थेबाहेर राहायचं म्हणून संस्था निघाली, तिच्याच पैशावर ती चालणं, हा विरोधाभास संस्थेला कायम जाणवत राहिला. पण मुलांची संख्या वाढली, हेही खरं.

यादीतली वादळं

थर्ड वर्ल्ड प्रेसची यादी चाळली तर तिचा विस्तार लक्षात येतो. दक्षिण आफ्रिकेचे कवी केओरापेत्सी क्गोसित्सिले, घानाचे कादंबरीकार आयी क्वेई आर्मा, मुलांसाठी लिहिणाऱ्या मारी इव्हान्स, कवी-नाटककार अमिरी बराका, गायक-कवी गिल स्कॉट-हेरन. नावात तिसरं जग आहे ते उगीच नाही.

वादही या यादीनं ओढवून घेतले. 1991 मध्ये मानसोपचारतज्ज्ञ फ्रान्सिस क्रेस वेल्सिंग यांचं 'द आयसिस पेपर्स' संस्थेनं काढलं. गोऱ्या वर्चस्ववादाचं मूळ त्वचेच्या रंगद्रव्यात आणि गोऱ्यांच्या नामशेष होण्याच्या भीतीत आहे, अशी त्यातली मांडणी. शास्त्रज्ञांनी ती मानली नाही. वस्तीतल्या पुस्तकविक्रेत्यांकडे मात्र ते पुस्तक धडाक्यानं खपलं. विल्यम्स यांच्या ग्रंथाच्या इतिहासलेखन-पद्धतीवरही अभ्यासकांनी आक्षेप घेतले. गोऱ्या विद्यापीठांनी नाकारलेला विचार लोकांसमोर ठेवणं हे आपलं काम, अशी संस्थेची भूमिका राहिली. ती समजून घेता येते. पण नाकारलेला प्रत्येक विचार नाकारण्याजोगा नसतो, तसा तो प्रत्येक वेळी स्वीकारण्याजोगाही नसतो. हा गाळणा संस्थेनं कधी कधी सैल धरला, असं म्हणावं लागतं.

मतभेद आतही होते. 1974 मध्ये बराका यांनी कृष्णवर्णीय राष्ट्रवाद सोडून मार्क्सवादाकडे वळण घेतलं तेव्हा मधुबुटी त्यांच्या संघटनेतून बाहेर पडले, तरी पुढे वीस वर्षांनी बराकांची पुस्तकं त्यांनीच छापली. सहसंस्थापक कॅरोलिन रॉजर्स सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीलाच गटापासून दूर झाल्या. त्यांची धर्मश्रद्धा, आईशी असलेलं नातं, बाई म्हणून आलेला एकटेपणा यांना चळवळीच्या कवितेत जागा मिळत नव्हती. त्यांचं 'हाऊ आय गॉट ओव्हा' न्यूयॉर्कच्या मोठ्या प्रकाशकानं काढलं आणि ते नॅशनल बुक अवॉर्डच्या अंतिम यादीत पोचलं. संस्थेच्या वाटचालीत ही नोंद ठळक असायला हवी, कारण पायाभरणीत ज्यांचा हात होता त्यांचा उत्तम ग्रंथ दुसरीकडून आला.

मधुबुटींनी स्वतः 1990 मध्ये 'ब्लॅक मेन : ऑब्सोलीट, सिंगल, डेंजरस?' हा निबंधसंग्रह काढला. बाप, नवरा, मुलगा म्हणून कृष्णवर्णीय पुरुषाची काय अवस्था झाली आहे आणि त्यानं स्वतःकडे कसं पाहावं, हा त्याचा विषय. तुरुंगांतल्या वाचनगटांपासून चर्चच्या सभांपर्यंत ते वाचलं गेलं. त्याच वर्षी कृष्णवर्णीय स्त्रीला दोष देणारं दुसऱ्या प्रकाशकाचं एक पुस्तक गाजत होतं. त्याचा प्रतिवाद करणारे लेख मधुबुटींनी तातडीनं जमवले आणि पुस्तकरूपानं प्रसिद्ध केले. 1992 मध्ये लॉस एंजेलिस पेटल्यावरही असाच ग्रंथ निघाला. घटना घडली की काही महिन्यांत विचारांचं पुस्तक हाती द्यायचं, ही मोठ्या प्रकाशकांना न जमणारी चपळाई हे संस्थेचं वैशिष्ट्य होऊन गेलं.

विद्यापीठात बाईंचं नाव

1984 मध्ये मधुबुटींनी आयोवा विद्यापीठातून सर्जनशील लेखनाची पदव्युत्तर पदवी घेतली. तेव्हा त्यांच्या नावावर डझनभर पुस्तकं होती. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी पुन्हा विद्यार्थी होण्यामागे व्यवहार होता. विद्यापीठात आत शिरून तिथे काही उभं करायचं तर कागद लागतो. त्याच वर्षी ते शिकागो स्टेट युनिव्हर्सिटीत रुजू झाले. शहराच्या दक्षिण टोकाचं हे सार्वजनिक विद्यापीठ, जिथे बहुसंख्य विद्यार्थी कृष्णवर्णीय, नोकरी सांभाळून शिकणारे, घरातले पहिले पदवीधर.

1990 मध्ये तिथे ग्वेंडोलिन ब्रुक्स यांच्या नावानं कृष्णवर्णीय साहित्याचं केंद्र सुरू झालं, बाईंना सन्मान्य प्राध्यापकपद मिळालं आणि मधुबुटी केंद्राचे संचालक झाले. दरवर्षी लेखक-संमेलन भरू लागलं. आपल्या गुरूच्या हयातीत, गुरूच्या गावात, गुरूच्या नावाची संस्था उभारायला मिळणं हे भाग्य फार थोड्या शिष्यांना लाभतं. पुढे त्यांनी तिथे सर्जनशील लेखनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रमही सुरू केला. आता वाचकाची साखळी पूर्ण झाली होती : बालवाडीत अक्षरओळख, शाळेत पुस्तकं, विद्यापीठात लेखनाचं शिक्षण आणि शेवटी पुस्तक छापणारी संस्था. चारही कड्या शिकागोच्या दक्षिण भागातच. 2010 मध्ये ते डीपॉल विद्यापीठात आयडा बी. वेल्स-बार्नेट यांच्या नावाच्या प्राध्यापकपदावर गेले आणि वर्षभरानं अध्यापनातून निवृत्त झाले.

दरम्यान प्रकाशनसंस्थेनं भाड्याच्या जागा सोडून डॉब्सन अव्हेन्यूवर, एका जुन्या कॅथलिक चर्चच्या आवारातली वास्तू घेतली. स्वतःची जागा असावी हा बरोजबाईंकडून घेतलेला आग्रह तिथे पुरा झाला.

पहिला क्रमांक आणि त्यानंतर

2006 च्या फेब्रुवारीत दूरचित्रवाणीवरचे प्रसिद्ध निवेदक टॅव्हिस स्मायली यांनी संपादित केलेला 'द कव्हनंट विथ ब्लॅक अमेरिका' हा ग्रंथ थर्ड वर्ल्ड प्रेसनं काढला. आरोग्य, शिक्षण, घरं, मतदान, तुरुंग अशा प्रश्नांवर तज्ज्ञांचे लेख, प्रत्येक लेखाच्या शेवटी व्यक्तीनं काय करावं आणि सरकारनं काय करावं याची यादी, असं त्याचं सरळ स्वरूप. स्मायलींसाठी न्यूयॉर्कच्या कुठल्याही प्रकाशकाचं दार उघडं होतं. त्यांनी हे पुस्तक मुद्दाम इथे आणलं. ते चर्चमधून, सभांमधून, वस्त्यांतल्या पुस्तकदुकानांमधून पसरलं आणि 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या यादीत कागदी बांधणीच्या ललितेतर पुस्तकांत पहिल्या क्रमांकावर गेलं. कृष्णवर्णीयांच्या मालकीच्या प्रकाशनाचं पुस्तक तिथवर पोचण्याची ही पहिलीच वेळ. साखळी-दुकानांना त्याची दखल घ्यावी लागली, पण विक्रीची वाट त्याच जुन्या जागांमधून गेली होती जिथे संस्थेनं चाळीस वर्षं पुस्तकं नेऊन दिली होती.

यशानं सगळे प्रश्न सुटले नाहीत. त्यानंतरच्या दशकात स्वतंत्र पुस्तकदुकानं भराभर बंद पडली. ऑनलाइन विक्रीत मोठा हिस्सा विक्रेता नेऊ लागला. कृष्णवर्णीय लेखकांना आता न्यूयॉर्कचे प्रकाशक स्वतः शोधत येतात, मोठी आगाऊ रक्कम देतात. त्यांच्याशी बरोबरी छोट्या संस्थेला जमणारी नाही. जॉन्सन पब्लिशिंगसारखं साम्राज्य 2019 मध्ये दिवाळखोरीत गेलं. डेट्रॉइटची ब्रॉडसाइड 2015 मध्ये लोटस प्रेसशी जोडली जाऊन टिकली. थर्ड वर्ल्ड प्रेसनं देणग्या घेता याव्यात म्हणून फाउंडेशनचं रूप घेतलं आणि नवी पुस्तकं काढत राहिली. पन्नाशीच्या वर्षी, 2017 मध्ये, ट्रम्प यांच्या निवडीवरचे लेख एकत्र करून 'नॉट अवर प्रेसिडेंट' आलं. 2020 मध्ये मधुबुटींच्या कवितांचं 'टॉट बाय विमेन' आलं, ज्यांच्याकडून आपण शिकलो त्या स्त्रियांना वाहिलेलं.

मधुबुटींवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो की संस्थांच्या धबडग्यात कवी मागे पडला. पहिल्या तीन-चार संग्रहांतली धार नंतर तशी राहिली नाही, हे मान्य करायला हरकत नाही. 1996 चा निवडक कवितांचा 'ग्राउंडवर्क', 2009 चा 'लिबरेशन नॅरेटिव्ह्ज' हे संग्रह वाचताना सांगण्याची घाई कवितेवर चढलेली जागोजागी जाणवते. पण त्यांनी हा व्यवहार समजून केला. वेळ कुठे घालायचा हे ठरवायची वेळ आली तेव्हा त्यांनी दर वेळी वर्ग आणि छापखाना निवडला.

संस्थेपुढचा खरा प्रश्न आता वारशाचा आहे. एका माणसाच्या पगारावर, ओळखींवर आणि हट्टावर वाढलेली संस्था त्याच्यानंतर कशी चालते, याची परीक्षा अजून व्हायची आहे. शाळा स्वतंत्र मंडळाकडे आहेत, केंद्र विद्यापीठाकडे आहे, प्रकाशन फाउंडेशनकडे आहे. म्हणजे तिन्ही कामांना मधुबुटींशिवाय उभं राहण्याची कायदेशीर चौकट तरी मिळाली आहे. रँडल यांना ती वेळेत उभारता आली नव्हती. मराठीत आज छोट्या प्रकाशकांचा आणि चळवळीच्या नियतकालिकांचा जो प्रश्न आहे, त्यावर या वाटचालीतून एवढं नक्की घेता येईल : पुढच्या पुस्तकाच्या छपाईचा खर्च काढताना जवळच्या एखाद्या शाळेतल्या वाचनवर्गाचा खर्चही त्याच ताळेबंदात धरावा.